कमरेतली डबी: साडेसहा वर्षांच्या सहवासानंतरचा अभिप्राय

नोव्हेंबर २०१८ पासून माझ्या उजव्या कमरेच्या मागच्या बाजूला, कातडीच्या आत, काडेपेटीएवढी टायटॅनियमची एक डबी आहे. तिच्यातून निघणाऱ्या दोन बारीक तारा कातडीखालून पाठीच्या मधोमध जातात आणि छातीच्या भागातील आठव्या-नवव्या मणक्याच्या पातळीवर, मज्जारज्जूच्या आवरणाबाहेरच्या पोकळीत थांबतात. या यंत्राला डॉक्टर स्पायनल कॉर्ड स्टिम्युलेटर म्हणतात. आमच्या घरात त्याला पहिल्या आठवड्यापासून ‘डबी’ हेच नाव पडले. तिच्याविषयी लिहिण्याचे मी यापूर्वी दोनदा ठरवले आणि दोन्ही वेळा बेत रहित केला, कारण पहिल्या वर्षी लिहिले असते तर नुसते कौतुक झाले असते आणि तिसऱ्या वर्षी लिहिले असते तर नुसता राग. आता दोन्ही बऱ्यापैकी निवळले आहेत.

निकाल आधीच सांगून टाकते. ज्या दुखण्यासाठी डबी बसवली ते दुखणे निम्म्याहून अधिक कमी झाले, आणि त्या बदल्यात डबीने स्वतःचे असे एक नवे दुखणे दिले. पहिल्या गोष्टीविषयी माहितीपत्रके, डॉक्टर आणि कंपनीची माणसे भरभरून बोलतात. दुसरीविषयी शस्त्रक्रियेपूर्वी माझ्याशी कोणीही नीट बोलले नाही. म्हणून हा अभिप्राय मुख्यतः दुसरीविषयी आहे. कंपनीचे, रुग्णालयाचे किंवा डॉक्टरांचे नाव मी येथे देणार नाही, कारण माझी तक्रार एका माणसाविरुद्ध नसून एका राहून गेलेल्या प्रश्नाविषयी आहे, आणि तो प्रश्न अन्यत्रही असाच राहून जात असावा अशी मला शंका आहे.

थोडी पार्श्वभूमी आवश्यक आहे. मी कोल्हापुरातील एका माध्यमिक शाळेत ३१ वर्षे गणित शिकवले, म्हणजे ३१ वर्षे फळ्यासमोर उभी राहिले. २०१३ मध्ये कमरेच्या चौथ्या-पाचव्या मणक्यांमधील सरकलेल्या चकतीची शस्त्रक्रिया झाली. चकतीचे काम व्यवस्थित झाले असे प्रत्येक तपासणीत सांगितले गेले, परंतु डाव्या पायातील आग मात्र राहिली, आणि ती नितंबापासून घोट्यापर्यंत उकळत्या तेलाची रेघ ओढल्यासारखी उतरत असे. गोळ्या झाल्या, मणक्यातली इंजेक्शने झाली, सांगलीचे एक आणि मिरजेचे दोन डॉक्टर झाले. मिरज हे दवाखान्यांचे गाव असल्यामुळे कोल्हापूरच्या माणसाला शेवटी तिकडे जावेच लागते, तसे आम्हीही गेलो. गोळ्यांनी आग थोडी मंदावायची, पण वर्गात उभ्या उभ्या डुलकी यायची आणि नवाचा पाढा सांगताना मध्येच अडखळायला व्हायचे, ही गोष्ट मला आगीपेक्षाही अधिक लागली. अखेर पुण्याच्या एका वेदना-उपचार केंद्रात या यंत्राविषयी प्रथम ऐकले.

यंत्रामागची कल्पना समजायला कठीण नाही. पायाला ठेच लागली की आपण नकळत अंगठा चोळतो आणि कळ जरा कमी होते. मज्जारज्जूत वेदनेच्या वाटेवर जणू एक फाटक असते आणि स्पर्शाच्या संवेदना ते काही अंशी बंद करू शकतात, असा सिद्धान्त रोनाल्ड मेलझॅक आणि पॅट्रिक वॉल या दोघांनी १९६५ मध्ये मांडला. त्यानंतर दोनच वर्षांनी, १९६७ मध्ये, नॉर्मन शीली या अमेरिकी शल्यचिकित्सकाने वेदनेसाठी मज्जारज्जूवर पहिले विद्युत-उपकरण बसवले. डबी मज्जारज्जूला सतत अगदी सौम्य विजेचे ठोके देत राहते, म्हणजे अंगठा चोळण्याचे काम दिवसभर न थकता करीत राहते. माझ्या जुन्या पद्धतीच्या सेटिंगमध्ये ते ठोके मुंग्यांसारखे जाणवतात. मुंग्या अजिबात न जाणवता काम करणारी, सेकंदाला १०,००० ठोके देणारी यंत्रेही आता आहेत, पण माझे तसे नाही आणि ज्या गोष्टीचा अनुभव नाही तिची तुलना मी करणार नाही.

कायमची शस्त्रक्रिया करण्याआधी चाचणी घेतात, आणि ही पद्धत मला फार आवडली, किमान तेव्हा आवडली. तारा सुईवाटे आत बसवतात, पण त्यांना जोडलेले यंत्र शरीराबाहेर, कमरेला पट्ट्याने बांधलेले असते. माझी चाचणी सात दिवसांची होती. त्या सात दिवसांत आंघोळ नाही, फक्त ओल्या फडक्याने अंग पुसणे, वाकणे नाही, पीळ देणे नाही. दुखणे किमान ५० टक्के कमी झाले तरच पुढे जायचे, असा सर्वसाधारण दंडक आहे. मी शाळेच्या जुन्या हजेरीपत्रकात रोज चार वेळा शून्य ते दहा असे गुण लिहून ठेवले. आधीची सरासरी साडेसात होती, ती चाचणीत तीनवर आली. गणिताच्या शिक्षिकेला आणखी काय हवे? तीन आठवड्यांनी डबी कायमची आत बसली.

येथेच तो राहून गेलेला प्रश्न आहे. चाचणीत तारांची परीक्षा होते, डबीची होत नाही. सात दिवस तुम्ही जे अनुभवता तो विजेचा परिणाम असतो, आणि पुढची अनेक वर्षे जी वस्तू तुमच्या मांसात राहणार असते ती त्या सात दिवसांत शरीराबाहेर पट्ट्याला लटकत असते. हे माझ्या लक्षात यायला चार महिने लागले, आणि ज्यांनी अशा डब्या अनेकांच्या अंगात बसवल्या त्यांनी ते आपणहून सांगितले नाही, याचे मला अजूनही आश्चर्य वाटते. शस्त्रक्रियेच्या आदल्या दिवशी डॉक्टरांनी जागेविषयी एकच प्रश्न विचारला होता, “तुम्ही कुठल्या कुशीवर झोपता?” मी डावी म्हणाले, म्हणून डबी उजवीकडे गेली. प्रश्न योग्यच होता. फक्त दुसरा प्रश्न विचारायला हवा होता, की दिवसभर तुम्ही काय नेसता?

मी साडी नेसते. साडीच्या खाली परकर असतो, आणि परकराची नाडी कमरेभोवती जिथून फिरते, नेमकी त्याच रेषेवर माझ्या डबीची वरची कड आली. पहिले सहा आठवडे सूज होती आणि कोठेही दुखले तरी ते शस्त्रक्रियेचेच समजायचे असते, त्यामुळे काही उमगले नाही. त्या काळात वाकण्याला, वळण्याला आणि दोन किलोंहून अधिक काहीही उचलण्याला बंदी होती. हातही डोक्याच्या वर न्यायचे नव्हते, कारण नव्या तारा मांसात रुजायच्या आत ओढल्या गेल्या तर जागेवरून सरकतात. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला मी खुर्चीवर बसून होते आणि सूनबाई वाण देत होती. फेब्रुवारी उजाडला, सूज पूर्ण उतरली, मी पुन्हा रोजच्यासारखी घट्ट साडी नेसू लागले आणि तेव्हा डबीचे स्वतःचे दुखणे उघडे पडले.

ते दुखणे कसे आहे हे सांगणे अवघड आहे, कारण ते मोठे नाही. पायातल्या आगीपुढे ते काहीच नाही, आणि म्हणूनच त्याविषयी तक्रार करायला लाज वाटते. कोल्हापूरच्या वाचकांना एक उपमा देते. पापाच्या तिकटीवरून आणलेली नवी चप्पल पहिले पंधरा दिवस अंगठ्याला चावते, मग तेल पिते, मऊ पडते आणि पायाचा आकार घेते. डबी तशी कधीच मऊ पडत नाही. मांस तिच्याभोवती जाड होते, पण कड ती कडच राहते. लाकडी खुर्चीला पाठ टेकली की ती आहे हे कळते, एसटीच्या बाकावर खड्डा आला की कळते, जमिनीवर पंगतीला बसून उठताना कळते, आणि उजव्या कुशीवर वळले की झोपेतही कळते. नाडीच्या घर्षणाने मात्र नुसते कळत नसे, तेथे संध्याकाळपर्यंत भाजल्यासारखी चुरचुर होत असे. कमरेच्या हाडाच्या कडेवरून नितंबाकडे उतरणाऱ्या त्वचेच्या बारीक नसा तेथूनच जातात आणि त्या डबीच्या कडेखाली दबत असाव्यात, असे पुढे मला सांगण्यात आले.

त्यात एक विचित्र गुंतागुंत झाली. पायातील आग कमी झाल्यामुळे मी अनेक वर्षांनी रोज पहाटे रंकाळ्यावर फिरायला जाऊ लागले, फिरण्यामुळे दीड वर्षात सात किलो वजन उतरले, आणि वजन उतरल्यामुळे डबीवरचे मांस कमी होऊन तिच्या कडा अधिकच वर आल्या. म्हणजे यंत्र जितके उत्तम चालले तितके ते जास्त टोचू लागले. बारीक अंगाच्या माणसांना हा त्रास अधिक होतो हे नंतर वाचनात आले. मला सुरुवातीला कोणी तसे सांगितले असते तर मी फिरणे सोडले नसते, पण डबीची जागा निवडताना हट्ट धरला असता.

या सगळ्यात पहिला खरा उपाय डॉक्टरांकडून नव्हे, महाद्वार रोडजवळच्या आमच्या जुन्या शिंप्याकडून मिळाला. मी त्याला नाडी जरा खाली घ्यायला सांगत होते. तो म्हणाला, “बाई, नाडीचं खूळच काढा की डोक्यातनं. चार बोटांचा रुंद पट्टा लावतो, बाजूला हूक देतो, दाब सगळीकडं वाटला जाईल.” दाब म्हणजे बल भागिले क्षेत्रफळ हे मी ३१ वर्षे मुलांना शिकवले, आणि स्वतःच्या कमरेसाठी ते एका शिंप्याने मला शिकवावे! रुंद पट्ट्याच्या परकराने चुरचुर निम्म्यावर आली. त्याने शिलाईही नेहमीचीच घेतली.

चार्जिंगविषयी थोडे लिहायला हवे, कारण ज्यांना यातून आराम मिळतो त्यांच्याही आयुष्यात ते दर आठवड्याला येते. चार्ज न करण्याच्या डब्याही असतात, पण वापरानुसार दोन ते पाच वर्षांत त्या बदलाव्या लागतात. चार्ज होणारी डबी नऊ-दहा वर्षे चालते या हिशेबाने आम्ही ती निवडली. चार्जरची चकती कपड्यावरून, डबीच्या बरोबर समोर, पट्ट्याने बांधायची आणि तास-दीड तास स्थिर बसायचे, एवढाच विधी आहे. चकती जरा सरकली की चार्जर टीं-टीं करून ओरडतो. कातडीखाली डबी कोमट होते, ते हिवाळ्यात सुखद वाटते आणि मे महिन्यात असह्य होते. चकती आणि कातडी यांच्यामध्ये पातळ सुती धोतराची घडी ठेवते, आणि चार्जिंग चालू असताना डुलकी घेत नाही. आमचे हे त्या वेळात मला वर्तमानपत्र वाचून दाखवतात. लग्नाला चाळीस वर्षे झाल्यावर या निमित्ताने आठवड्यातून दीड तास एकमेकांसमोर निवांत बसणे होते, हे चार्जरच्या जमेच्या बाजूला लिहावे लागेल.

चार्जरचा खरा कस ऑगस्ट २०१९ च्या महापुरात लागला. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची धोक्याची पातळी ४३ फूट आहे आणि त्या वर्षी पाणी तिच्या कितीतरी वर गेले होते. आमचे घर शुक्रवार पेठेत. पाणी गल्लीच्या तोंडाशी आल्यावर आम्ही राजारामपुरीत नणंदेकडे गेलो, आणि घाईत देवघरातला टाक घेतला, औषधे घेतली, पण चार्जर भरलेला नव्हता. तेथेही विजेचा भरवसा राहिला नव्हता. डबीत दोन रेघा उरल्या होत्या. माझ्या यंत्राच्या पुस्तिकेत स्पष्ट लिहिले आहे की डबी पूर्ण रिकामी होऊन बरेच दिवस तशीच राहिली तर ती पुन्हा जागी करायला तंत्रज्ञ लागतो. मी पुण्याच्या तंत्रज्ञाला फोन केला. तो बिचारा म्हणाला, “मावशी, हायवेच बंद आहे, मी येणार कसा? रात्री बंद ठेवा, दिवसा ताकद कमी करा.” पुणे-बेंगळुरू महामार्ग शिरोलीजवळ पाण्याखाली होता हे मलाही ठाऊक होते. तीन रात्री डबी बंद ठेवली आणि त्या तीन रात्रींत जुन्या आगीची पुन्हा ओळख झाली. चौथ्या दिवशी शेजारच्या घरातील इन्व्हर्टरवर चार्जर भरून घेतला. तेव्हापासून जून ते सप्टेंबर मी डबी कधीही निम्म्याखाली उतरू देत नाही, आणि २०२१ च्या जुलैमध्ये पुन्हा पाणी चढले तेव्हा चार्जर सर्वांत आधी पिशवीत गेला.

या यंत्राबरोबर राहताना काही गोष्टी कायम लक्षात ठेवाव्या लागतात. त्यांपैकी एकच मला जिवाची वाटते, आणि ती डायथर्मीची आहे. फिजिओथेरपीच्या दवाखान्यात ज्याला आपण सरसकट ‘मशीनचा शेक’ म्हणतो, त्यातला एक प्रकार म्हणजे डायथर्मी, आणि शरीरात अशा तारा असताना ती पूर्णपणे निषिद्ध आहे, कारण तिची ऊर्जा तारांच्या टोकाशी एकवटून मज्जारज्जूजवळच्या ऊतींना भाजू शकते. २०२० मध्ये मान आखडली म्हणून मी एका दवाखान्यात गेले, तेव्हा नव्याने लागलेल्या मुलाने कागद न वाचताच यंत्र जवळ ओढले होते. “हे कुठलं मशीन?” असे मी विचारले नसते तर काय झाले असते, या विचाराने अजूनही अंगावर काटा येतो. मान असो वा गुडघा, शेक कोठेही द्यायचा असला तरी आधी अंगात डबी असल्याचे कार्ड दाखवायचे, हे मी तेव्हापासून पाळते. एमआरआयच्या आधीही तसेच. माझ्या डबीला ठरावीक अटींवर एमआरआय चालतो, पण त्यासाठी ती आधी विशिष्ट अवस्थेत न्यावी लागते.

बाकीच्या गोष्टी किरकोळ आहेत. पाठीवर उताणे झोपले की मज्जारज्जू तारांच्या जवळ येतो आणि मुंग्या एकदम जोरात येतात, म्हणून झोपण्याआधी रिमोटवर ताकद दोन घरे खाली आणायची. मुंग्या चालू असताना वाहन चालवायचे नाही, म्हणून माझी स्कूटी मी सूनबाईला देऊन टाकली. मोठ्या दुकानांच्या दारातील चोरी पकडणाऱ्या खांबांमधून न रेंगाळता जायचे. अंबाबाईच्या देवळात शिरताना तपासणीच्या चौकटीपाशी मी डबी बंद करून कार्ड पुढे करते. एका महिला पोलिसाने कार्ड उलटसुलट करून विचारले होते, “ह्ये काय वो मावशी, आत बॅटरी हाय व्हय?” मी हो म्हटल्यावर तिने इतक्या आदराने वाट करून दिली की रांगेतल्या बायका मला देवी अंगात येणारी समजल्या असाव्यात.

सेवेविषयी सांगायचे तर तंत्रज्ञ मुलगा कामसू आणि मनमिळाऊ आहे. शस्त्रक्रियेनंतर तिसऱ्या महिन्यात एक तार किंचित सरकली आणि मुंग्या पायाऐवजी बरगड्यांत जाऊ लागल्या, तेव्हा शस्त्रक्रियेची वेळ येते की काय अशी भीती वाटली होती. माझ्या दोन तारांवर प्रत्येकी आठ असे १६ विद्युत-अग्र आहेत आणि त्यांपैकी कोणते चालू ठेवायचे हे बाहेरून बदलता येते. त्याने तासाभरात वेगळी जोडी निवडून मुंग्या पुन्हा पायात आणून दिल्या. ही सोय खरोखर वाखाणण्यासारखी आहे. परंतु त्या मुलाला फक्त विजेची दुखणी समजतात. नाडी, खुर्ची, कूस असे काही सांगितले की तो रिमोट चाळू लागतो, आणि डबीच्या कडेचे दुखणे कोणत्याही सेटिंगने जाणारे नसते. ‘मशीन उत्तम चालू आहे’ हे वाक्य मी त्या काळात इतक्यांदा ऐकले की मला त्याचा वीट आला. पुस्तिका संपूर्ण इंग्रजीत आहे, मदतीच्या क्रमांकावर मराठी बोलणारे कोणी मिळत नाही. इतक्या लाखांच्या वस्तूबरोबर चार पानांची मराठी पुस्तिका देता येत नसेल तर त्यांना ग्राहक कोण आहे हेच कळलेले नाही. मी स्वतः ह्यांच्यासाठी वहीत भाषांतर करून ठेवले आहे.

२०२१ च्या अखेरीस मी डॉक्टरांपुढे हजेरीपत्रक ठेवले. पायाचे गुण तीन, डबीच्या जागेचे पाच. त्यांनी प्रथमच जागा बोटांनी नीट चाचपली आणि डबीच्या वरच्या कडेला बधिरतेचे इंजेक्शन दिले. काही तासांसाठी ते दुखणे साफ गेले, त्यामुळे त्याचा उगम तेथेच आहे हे ठरले. बधिरतेच्या पट्ट्या दोन महिने लावून पाहिल्या, उपयोग बेताचा झाला. शेवटी डबी हलवायचे ठरले. तारा तशाच ठेवून फक्त खिसा बदलायचा, म्हणजे शस्त्रक्रिया लहान. तरी जंतुसंसर्गाचा धोका नव्याने पत्करायचा आणि सहा आठवड्यांची बंदीही पुन्हा भोगायची.

या वेळी मी माझी स्वतःची चाचणी घेतली. सासऱ्यांची चुन्याची एक जुनी चपटी डबी घरात होती, आकाराने जवळपास तेवढीच. ती कागदी चिकटपट्टीने नव्या जागेवर लावून मी आठ दिवस वावरले, साडी नेसून, पोळ्या लाटून, पाटावर बसून, एसटीने जयसिंगपूरला जाऊन येऊन. पहिली जागा चार दिवसांत नापास झाली, कारण बसल्यावर ती खुर्चीच्या कडेला लागत होती. दुसरी, म्हणजे नाडीच्या रेषेपासून सुमारे पाच सेंटिमीटर खाली आणि थोडी बाहेरच्या अंगाला, पास झाली. डॉक्टरांना मी ती जागा दाखवली तेव्हा ते आधी हसले, मग त्यांनी मला उभे करून, बसवून, वाकवून पेनाने तेथेच खूण केली. बाहेरून लावलेली डबी आणि मांसातली डबी यांत फरक आहे हे मला मान्य आहे. तरी काहीच करून न पाहण्यापेक्षा हे बरे.

मार्च २०२२ मध्ये डबी नव्या जागी गेली. पाचाचे दोन झाले, शून्य झाले नाहीत. नाडीचा प्रश्न संपला. उजव्या कुशीवर अजून झोपता येत नाही, आणि कडक बाकावर अर्ध्या तासापेक्षा जास्त बसले की एका अंगावर भार द्यावा लागतो. जुन्या खिशाच्या जागी व्रणाची गाठ राहिली आहे, ती थंडीत ओढल्यासारखी वाटते. एवढ्याची सवय होते.

आता आकड्यांविषयी, कारण ते सांगितल्याशिवाय मला चैन पडणार नाही. पाठीच्या शस्त्रक्रियेनंतरही पायाचे दुखणे उरलेल्या १०० रुग्णांवर झालेला आणि २००७ मध्ये प्रसिद्ध झालेला एक अभ्यास आहे. त्यात सहा महिन्यांनंतर पायाचे दुखणे निम्म्याने कमी झालेले रुग्ण यंत्र बसवलेल्यांत ४८ टक्के होते आणि फक्त औषधोपचार घेणाऱ्यांत ९ टक्के. त्याच अभ्यासात वर्षभरात यंत्राशी संबंधित काही ना काही गुंतागुंत झालेले ३२ टक्के होते. पहिला आकडा मला चाचणीपूर्वी दाखवला गेला, दुसरा मी स्वतः शोधला. याच्या उलट, नॉर्वेतील ५० रुग्णांवरचा २०२२ मधला अभ्यास सांगतो की एका विशिष्ट प्रकारचे ठोके चालू असताना आणि रुग्णाच्या नकळत यंत्र बंद असताना, दैनंदिन हालचालींतील अडचणींत लक्षणीय फरक पडला नाही. माझ्या यंत्राचे ठोके त्या प्रकारचे नाहीत. महापुरातल्या तीन रात्रींवरून मी म्हणू शकते की माझा फरक खरा आहे, पण त्या रात्री डबी मीच बंद केली होती आणि मला ते ठाऊक होते, म्हणून माझी साक्ष एका मर्यादेपलीकडे धरू नये.

पाचपैकी किती गुण, असे विचारले तर विजेच्या कामाला साडेचार, डबीला एक वस्तू म्हणून तीन, आणि शस्त्रक्रियेपूर्वीच्या समुपदेशनाला दीड. पुन्हा बसवून घेईन का? होय. ज्यांच्या पायात माझ्यासारखी आग आहे, ज्यांची गोळ्यांनी शुद्ध हरपते, आणि ज्यांना दर आठवड्याला चार्जिंगला बसण्याचा कंटाळा नाही, त्यांनी चाचणी अवश्य घ्यावी. ज्यांचे दुखणे मुख्यतः कमरेतच आहे आणि पायात उतरत नाही, त्यांनी मात्र डॉक्टरांना दहा प्रश्न अधिक विचारावेत. जे बारीक आहेत किंवा वजन उतरवण्याच्या मार्गावर आहेत, त्यांनी डबीची जागा या विषयावर स्वतंत्र भेट मागावी, आणि त्या भेटीला आपले रोजचे कपडे घालून जावे. पुरुषांनी पट्टा बांधून जावे. जे शेतात किंवा दुकानात मांडी घालून काम करतात त्यांनी डॉक्टरांसमोर मांडी घालून बसून दाखवावे. रुग्णालयाचा मागून उघडा झगा घालून, पालथे पडून ठरवलेली जागा ही फक्त पालथ्या पडलेल्या माणसाची जागा असते.

हिशेबाने डबीची बॅटरी २०२८ च्या आसपास बदलायला येईल. नवी डबी आताच्या डबीपेक्षा लहान येते असे तंत्रज्ञ सांगतो. सासऱ्यांची चुन्याची डबी मी तोपर्यंत कपाटात, चार्जरच्या शेजारी ठेवली आहे. नवी खरोखर लहान निघाली, तर सुताराकडून तेवढ्याच मापाचा लाकडी ठोकळा करून घेईन.